मतं जास्त, तरी नंबर खाली

‘भाचीच्या फोटोला लाइक करा, लिंक खाली दिली आहे, शेवटचे दोन तास उरलेत!’ असा निरोप ज्याच्या व्हॉट्सॲपवर कधी आला नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. गाण्याची स्पर्धा असो, गोंडस बाळांची असो की सोसायटीतल्या गौरींच्या सजावटीची. मत मोबाइलवरून देता येतंय म्हटलं की आपण आत्या-मावश्यांपासून दहावीच्या बॅचपर्यंत सगळ्यांना कामाला लावतो. बहुतेक वेळा ते लागूही पडतं. ज्याचे ग्रुप जास्त, त्याचं बक्षीस.

पुण्या-बंगळुरातले नवउद्योजक आपलं सॉफ्टवेअर ‘प्रॉडक्ट हंट’ या संकेतस्थळावर मांडतात, तेव्हा पहिल्या खेपेला पुष्कळ जण हाच डाव खेळतात. जगभरातली नवी ॲप, संकेतस्थळं आणि सॉफ्टवेअरची साधनं इथे रोज मांडली जातात, लोक त्यांना मतं देतात आणि दिवसाअखेर क्रमवारी लागते. पहिल्या काहींत नाव आलं तर एका दिवसात हजारो परदेशी लोक तुमच्या दारात येतात. गुंतवणूकदार, पत्रकार आणि प्रतिस्पर्धीही त्यांत असतात. मांडायला पैसे पडत नाहीत. म्हणून चार जणांची कंपनी कॉलेजच्या ग्रुपवर, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, अमेरिकेतल्या मावसभावाच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकते. मतं धडाधड पडतात. आणि तरी, आपल्यापेक्षा कमी मतं दिसणारं कुणाचं तरी उत्पादन आपल्या वर बसलेलं असतं. कधीकधी तर आपला आकडा डोळ्यांदेखत घटतो.

मोजणीत घोळ आहे, असं त्या रात्री टीममधल्या प्रत्येकाला वाटतं. घोळ नसतो. ही यंत्रणा मुद्दामच तशी बांधलेली आहे. ती कशी चालते हे कळलं की लाँचच्या दिवसाची सूत्रं कुणी आणि कशी हाती घ्यायची, हेही आपोआप उलगडत जातं.

रोज कोरी पाटी

प्रॉडक्ट हंटची सुरुवात संकेतस्थळ म्हणून झालीच नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रायन हूवर या तरुणाने एक साधी ईमेल यादी काढली. ओळखीतल्या तंत्रज्ञानवेड्या मंडळींनी नवं काही सापडलं की त्यात टाकायचं आणि रोज एक मेल सगळ्यांना जायचा, एवढाच मामला. लोकांना ते इतकं आवडलं की त्याच महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नेथन बाशॉ या मित्राच्या मदतीने त्याचं संकेतस्थळ उभं राहिलं. २०१४ मध्ये नवउद्योगांना घडवणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या नामांकित संस्थेने त्याला आपल्या तुकडीत घेतलं, त्याच वर्षी अँड्रीसन हॉरोविट्झ या गुंतवणूक कंपनीने पैसे घातले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये नवउद्योगांना गुंतवणूकदारांशी जोडणाऱ्या एंजललिस्टने ही कंपनी विकत घेतली.

रोजच्या मेलपासून जन्म झाल्यामुळे ‘आजची यादी’ हा या संकेतस्थळाचा स्वभावच होऊन बसला. सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात रात्रीचे १२ वाजून १ मिनिट झालं की नवा दिवस. कालचा पहिला नंबर मागच्या पानावर जातो आणि आज मांडलेले सगळे शून्यापासून सुरू करतात. गूगलच्या शोधात दहा वर्षं जुनं पान वरती येऊ शकतं. इथे तसं काही नाही. चोवीस तास मिळतात, तेवढ्यात काय ते.

मात्र ही पाटी सगळ्यांसाठी सारखीच कोरी नसते. मांडलेलं प्रत्येक उत्पादन मुखपृष्ठावर येत नाही. आधी प्रॉडक्ट हंटची स्वतःची माणसं चाळणी लावतात: उपयोगाचं आहे का, नवं आहे का, नीट घडवलेलं आहे का, काही कल्पकता आहे का. यातून जे पार पडतं ते ‘फीचर्ड’. बाकीचं ‘सर्व’ नावाच्या मागच्या कप्प्यात राहतं आणि तिथे फारसं कुणी फिरकत नाही. म्हणजे मतांचा प्रश्न येण्याच्या आधीच अर्धा निकाल लागलेला असतो. नवउद्योजकांच्या गप्पांत या चाळणीचं नाव सगळ्यात कमी निघतं, याचं मला नवल वाटतं. शेकडो मतं गोळा करायला जेवढी धावाधाव होते, तिच्या निम्मी जरी मुखपृष्ठाच्या चाळणीत बसेल असं उत्पादन घडवण्यात गेली, तरी काम होईल.

टाळ्या कुणाच्या?

आता मूळ कोड्याकडे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात बसलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. एकांकिका सुरू होण्याआधीच त्या कॉलेजची पोरं घोषणांनी नाट्यगृह दणाणून सोडतात. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडतात. परीक्षक ते ऐकतात, पण त्या टाळ्यांवर गुण देत नाहीत, कारण त्या कुणी आणि का वाजवल्या हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचे कान टवकारतात ते दुसऱ्या कॉलेजच्या रांगेतून अचानक हशा उठतो तेव्हा.

प्रॉडक्ट हंटची मोजणी याच धर्तीवर चालते. इथे ‘मतं’ आणि ‘गुण’ एकच नाहीत. एक मत म्हणजे एक गुण, असा हिशेब नसतो; प्रत्येक मताला वजन असतं आणि ते मत देणाऱ्याच्या खात्यावर ठरतं. अनेक महिने जुनं खातं, जे अधूनमधून निरनिराळी उत्पादनं पाहतं, प्रश्न विचारतं, कधी या तर कधी त्या गोष्टीला मत देतं, त्याचं मत जड. दहा मिनिटांपूर्वी उघडलेलं, एका उत्पादनाला मत देऊन निघून गेलेलं खातं हलकं. मावसभावाच्या मंडळातल्या ऐंशी जणांनी मोठ्या प्रेमाने उघडलेली ऐंशी नवी खाती म्हणूनच आकड्यात दिसतात आणि क्रमवारीत दिसत नाहीत.

नेमकं सूत्र कंपनी उघड करत नाही. मात्र ऑनलाइन मतदानातली खोट शोधायच्या सर्वसाधारण पद्धती संगणकशास्त्रात जुन्या आहेत आणि समजायला अवघड नाहीत. पहिली खूण वाटेची: माणूस मुखपृष्ठावर फिरत फिरत तुमच्यापर्यंत आला, की बाहेरून आलेल्या लिंकने थेट उतरून मत देऊन पाच सेकंदांत निघून गेला? दुसरी सोबतीची: तीच चाळीस खाती नेहमी एकत्रच मतं देतात का? तिसरी जागेची: एकाच ऑफिसच्या वायफायवरून पाठोपाठ पंधरा मतं आली का? चौथी वेगाची. खरी माणसं अनियमित येतात. कुणी चहाच्या सुट्टीत, कुणी मीटिंगमधून डोकावत. ग्रुपवर निरोप पडल्यावर येणारी मतं मात्र पाच मिनिटांत उसळतात आणि लगेच विरतात. आलेखावर हे दोन आकार नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात, यंत्राला तर सहज.

मतं विकणाऱ्यांचा धंदाही आहे. लाँचची तारीख जाहीर केली की लिंक्डइनवर अनोळखी माणसांचे निरोप यायला लागतात: इतक्या डॉलरला इतकी मतं, पहिल्या पाचांत येण्याची हमी. ही मतं सापडतात, काढून टाकली जातात आणि उत्पादन यादीतून उडण्याची पाळी येऊ शकते. डोळ्यांदेखत घटणाऱ्या आकड्याचं कारण बहुधा अशीच काढलेली मतं. न विकत घेतलेलीही कधी त्यांत सापडतात, कारण यंत्राला मावशी आणि भाडोत्री यांतला फरक फारसा कळत नाही.

सूत्र गुप्त ठेवण्यामागे एक जुनं शहाणपण आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला नियम आज सगळीकडे लावला जातो: एखादं मोजमाप लोकांचं लक्ष्य बनलं की त्याचा मोजमाप म्हणून उपयोग संपतो. मतांचा आकडा हे चांगल्या उत्पादनाचं मोजमाप म्हणून ठेवलं होतं. लोक आकडाच वाढवायला लागले, तेव्हा कंपनीने खरं मोजमाप पडद्याआड नेलं. ‘आम्हाला मत द्या’ असं थेट सांगू नका, असा तिचा नियमही त्यातूनच आला. ‘आज आम्ही हे मांडलंय, बघून काय वाटतं ते लिहा’ असं म्हणायला हरकत नाही.

पहिले चार तास झाकलेले

दिवसाच्या पहिल्या चार तासांत मुखपृष्ठावर मतांचे आकडे झाकलेले असतात आणि उत्पादनांचा क्रम दर वेळी उलटसुलट लावला जातो. तुम्ही पान उघडलंत तर एक क्रम, मी उघडलं तर दुसरा. आपली बिचारी टीम दर मिनिटाला पान ताजं करत बसते आणि तिचं उत्पादन कधी पहिलं, कधी नववं दिसतं. पहिल्यांदा लाँच करणाऱ्यांना यात काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

हा लपंडाव का, याचं उत्तर एका सुंदर प्रयोगात आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी तो २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांनी अप्रसिद्ध बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला बोलावलं. गाणं ऐका, गुण द्या, आवडलं तर फुकट उतरवून घ्या. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागणी केली होती, प्रत्येक जगात त्या-त्या जगातल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवलं, हा आकडा दिसे. गाणी सगळीकडे तीच.

गुणवत्तेवरच सगळं ठरत असतं तर आठही जगांत साधारण तीच गाणी वर यायला हवी होती. तसं झालं नाही. एकच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. आकडे दिसत होते त्या जगांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, पडलेली आणखी पडली, आणि कुणाचं नशीब उघडेल याचा अंदाज बांधणं जास्त अवघड झालं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. पण मधल्या मोठ्या घोळक्याचं भवितव्य सुरुवातीच्या काही लोकांनी योगायोगाने काय उचललं, यावर ठरून गेलं.

हेच प्रॉडक्ट हंटच्या यादीला लावून पाहा. १२ वाजून १० मिनिटांनी ज्याला तीस मतं आहेत तो वर दिसतो. वर दिसतो म्हणून त्याला जास्त लोक बघतात. बघतात म्हणून आणखी मतं पडतात. मग दिवसाचा निकाल पहिल्या अर्ध्या तासात लागणार, आणि ज्याचा ग्रुप मध्यरात्री जागा असेल तो जिंकणार. आकडे झाकून आणि क्रम पिसून प्रॉडक्ट हंट ही साखळी सुरुवातीलाच तोडू पाहतं. ती पूर्ण तुटत नाही. चार तासांनंतर आकडे उघडतात आणि साखळी पुन्हा जुळते. पण तोवर प्रत्येकाला आपापलं तोंड दाखवायची बरी संधी मिळालेली असते.

पुण्याच्या घड्याळात

सॅन फ्रान्सिस्कोची मध्यरात्र म्हणजे आपली दुपार. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत उन्हाळी वेळ असते, तेव्हा आपल्याकडे १२:३१ ला पडदा उघडतो. एरवी १:३१ ला. भारतीय टीमसाठी हे सोयीचं दिसतं. जेवणाआधी लाँच, संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरलं, असा भास होतो. खरी गर्दी येते ती मात्र आपल्या झोपेच्या वेळी.

चौकट: लाँचचा दिवस, भारतीय वेळेनुसार (अमेरिकेतली उन्हाळी वेळ असताना)

दुपारी १२:३१ – नवा दिवस सुरू. लंडनमध्ये सकाळचे ८, बर्लिनमध्ये ९. पहिले खरे प्रेक्षक युरोपातले.
दुपारी ४:३० च्या सुमारास – आकडे उघडतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ७.
रात्री ९:३० ते २:३० – अमेरिकेचे दोन्ही किनारे एकाच वेळी ऑफिसात.
पहाटे ५:३० – सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळचे ५.
दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० – क्रमवारी पक्की.
(हिवाळ्यात वरच्या भारतीय वेळा एक तास पुढे धराव्यात.)

या चौकटीकडे पाहिलं की लाँचचं नेतृत्व म्हणजे काय हे जमिनीवर येतं. कुणीतरी एक कारभारी लागतो, आणि त्याचं पहिलं काम म्हणजे दुपारी चार वाजता दोघांना घरी झोपायला पाठवणं. उत्साहात सगळेच सकाळपासून जागे असतात. पिझ्झा येतो, फोटो निघतात. आणि रात्री बारा वाजता, म्हणजे न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को दोन्ही पूर्ण जोरात असताना, सगळे एकदम पेंगुळतात. तेवढ्यात सर्व्हर बसला तर तो उठवायला डोकं ताळ्यावर असलेला एकही माणूस नसतो. चौघांची टीम असेल तर दोन-दोनच्या पाळ्या लावाव्यात आणि त्या पाळाव्यात. न्यू जर्सीत किंवा सॅन होजेत एखादा भागीदार असेल, तर त्याच्याकडून मतं मागवण्यापेक्षा त्याला पहाटेची पाळी द्यावी.

वार कुठला निवडावा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मंगळवार-बुधवारी वर्दळ जास्त आणि स्पर्धाही जास्त. शनिवार-रविवारी दोन्ही कमी. नुसतं बिरुद मिरवायचं असेल तर रविवार, ग्राहक हवे असतील तर कामाचा दिवस. याहून जास्त विचार करण्यासारखं त्यात काही नाही.

साठ अक्षरं

मुखपृष्ठावर येणाऱ्याला तुमचं काय दिसतं? एक छोटं चौकोनी चित्र, नाव आणि एक ओळ. चित्र २४० बाय २४० पिक्सेलचं अपलोड करायचं, पण फोनवर ते नखाएवढं उमटतं. ओळीला ६० अक्षरांची मर्यादा. एवढ्यावर माणूस क्लिक करायचं की पुढे सरकायचं हे ठरवतो.

एक कंपनी कल्पू. बाणेरमधले चार जण. त्यांचं सॉफ्टवेअर पीडीएफ बिलांतले आकडे वाचून एक्सेलच्या रकान्यांत भरतं. ओळ ते अर्थातच इंग्रजीत लिहितील, पण तिचा पहिला खर्डा हमखास असा निघतो: ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने वित्तीय दस्तऐवजांचं परिवर्तन’. भारदस्त आहे, आणि यातून काहीही कळत नाही. चारदा खोडून शेवटी उरतं: ‘पीडीएफ बिल टाका, एक्सेल मिळवा’. आता शिकागोतल्या हिशेबनिसाला ते आपल्या कामाचं आहे की नाही हे एका श्वासात कळतं. ज्याच्या कामाचं नाही तो निघून जातो, आणि तेही बरंच आहे. उगाच खाती उघडून सर्व्हरवर भार टाकत नाही.

उत्पादन कोण मांडतं याचंही पूर्वी मोठं स्तोम होतं. मांडणारा तो ‘हंटर’, घडवणारा तो ‘मेकर’. २००७ मध्ये ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना सुचवणारे ख्रिस मेसिना हे इथले नावाजलेले हंटर. अशा कुणी मांडलं तर त्यांच्या अनुयायांपर्यंत पोचता येई, म्हणून लोक त्यांच्या मागे लागत. आता मेकर स्वतःच मांडू शकतो आणि सर्रास मांडतो. खातं मात्र माणसाच्या नावाचं लागतं, कंपनीच्या नावाने चालत नाही. ते काही आठवडे आधी उघडून इतरांची उत्पादनं मनापासून वापरून पाहावीत.

खालचा संवाद

उत्पादनाखाली पहिली टिप्पणी मेकरची असते. तिच्यात कंपनीचं व्हिजन वगैरे कुणी वाचत नाही. हे का केलं, कुणासाठी केलं, आज काय जमतं आणि काय जमत नाही, एवढं चार-सहा वाक्यांत सांगितलं की पुरे. मग प्रश्न यायला लागतात, आणि इथे कारभाऱ्याने स्वतः बसावं. आपल्या बिलवाल्यांना रात्री दहाला कुणीतरी विचारतं: ‘हाताने लिहिलेली बिलं वाचता येतात का?’

याला दोन उत्तरं शक्य आहेत. एक: ‘छान प्रश्न! आमची टीम त्यावर वेगाने काम करत आहे, संपर्कात राहा!’ दुसरं: ‘नाही. छापील बिलं शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर वाचतो असं आमच्या चाचणीत दिसलं. हाताच्या अक्षरात सात आणि एक यांत गोंधळ होतो. तुमच्याकडचं एखादं बिल नाव-पत्ता झाकून पाठवता का? करून बघतो आणि इथेच सांगतो.’

दुसरं उत्तर विचारणाऱ्यापुरतं नसतं. तेच पान त्या रात्री इतर शेकडो जण न बोलता वाचत असतात. त्यांच्यातल्या कुणाला तरी ‘नाही’ या शब्दामुळेच ‘पंचाण्णव’ खरं वाटतं. शिवाय पाठवलेलं बिल हे टीमच्या हाती लागलेलं अस्सल चाचणीचं साहित्य. महिनाभर मेल पाठवूनही ते मिळालं नसतं. जुन्या, जड खात्यांची माणसं अशाच संवादात रेंगाळतात, आणि त्यांची मतं त्यातूनच येतात.

‘अभिनंदन! जबरदस्त!’ अशा टिप्पण्यांचा पाऊस मित्रमंडळी पाडतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं की बाबांनो, काही विचारायचं असेल तरच लिहा.

मेल पोचतोय का?

लाँचच्या दिवशी सर्व्हर बसेल ही भीती सगळ्यांना असते, आणि क्लाउडवर तो मोठा करून ठेवणं आता अवघड राहिलेलं नाही. माझ्या मते त्याहून जास्त ग्राहक एका बिनचेहऱ्याच्या जागी गळतात. नव्या माणसाने खातं उघडलं की त्याला ‘तुमचा पत्ता पक्का करा’ असा मेल जातो. तो पोचलाच नाही, तर माणूस एक मिनिट वाट पाहतो आणि दुसऱ्या टॅबवर जातो. तो तक्रार करत नाही. आकड्यांत तो ‘अर्धवट नोंदणी’ म्हणून पडून राहतो.

मेल का पोचत नाही? काल दिवसाला वीस मेल पाठवणारा तुमचा नवा पत्ता आज तासाला हजार पाठवायला लागला, की जीमेलच्या पहारेकऱ्याला तो लुटारूंनी बळकावल्यासारखा दिसतो. त्याची ओळख पटवायच्या तीन खुणा आहेत. एसपीएफ ही आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची अंकीय मोहोर. मजकूर वाटेत कुणी बदलला तर ती जुळत नाही. डीएमएआरसी म्हणजे या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं, याची आपणच दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी जीमेलसारख्या खात्यांकडे घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० मेल ही घाऊकची रेषा. छोट्या कंपनीला ती लांबची वाटते, पण खुणा नसलेला मेल त्याआधीच स्पॅममध्ये पडू शकतो.

दुसरी अडचण मर्यादेची. काही टीम सुरुवातीला ऑफिसच्या गूगल वर्कस्पेस खात्यावरूनच हे मेल पाठवतात. तिथे एका खात्याला दिवसाला २,००० मेलची मर्यादा. ती ओलांडली की पाठवणं बंद. लाँच चांगला गेला तर ही मर्यादा नेमकी रात्री बाराच्या आसपास भरते, जेव्हा अमेरिकेतली गर्दी ऐन भरात असते. उपाय साधा आहे: असे आपोआप जाणारे मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्यावी, तिन्ही खुणा लावाव्यात, काही आठवडे आधीपासून रोज थोडे थोडे मेल वाढवत जावं, आणि आदल्या दिवशी जीमेल, आउटलुक, याहू अशा पत्त्यांवर स्वतः नोंदणी करून पाहावी. कृत्रिम बुद्धिमत्तेचं उत्पादन असेल तर आणखी एक मर्यादा असते. मागचं मॉडेल बहुधा दुसऱ्या कंपनीचं असतं; ती मिनिटाला किती विनंत्या घेईल याला सीमा असते आणि प्रत्येक विनंतीला पैसे लागतात. फुकट चाचणीला लगाम घातला नाही, तर यशाचं बिल महिनाअखेरीस येतं.

दुसऱ्या दिवशीचे आकडे

नोशन हे टिपणांचं साधन २०१६ मध्ये प्रॉडक्ट हंटवर गाजलं. त्याच वर्षी ओपनव्हिड नावाने मांडलेलं स्क्रीन रेकॉर्डिंगचं साधन पुढे लूम झालं आणि २०२३ मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने ते सुमारे ९७.५ कोटी डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं. या दोन गोष्टी प्रत्येक लाँच-मार्गदर्शनात सांगितल्या जातात. त्या वर्षी पहिल्या नंबरावर आलेली आणि आज पत्ता नसलेली उत्पादनंही त्याच यादीत आहेत. त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी उरलेलं नसतं. त्यामुळे नंबर आणि नशीब यांचा संबंध दिसतो तेवढा पक्का नाही.

लाँचच्या दुसऱ्या दिवशी आलेख कोसळतो, आणि तो कोसळणारच. पाटी पुसली गेलेली असते. कारभाऱ्याने त्या दिवशी मतांच्या आकड्याकडे पाहू नये. पाहायचं ते हे: काल खातं उघडलेल्यांपैकी कितींनी खरोखर एखादं बिल टाकलं, आणि त्यांच्यापैकी आठवड्याने किती परत आले. हे कळायला प्रत्येक ठिकाणी दिलेल्या लिंकच्या शेपटाला वेगळी खूण जोडलेली हवी, म्हणजे प्रॉडक्ट हंटहून आलेला कोण, लिंक्डइनहून आलेला कोण आणि मावसभावाच्या मंडळातून आलेला कोण हे वेगळं काढता येतं. मंडळवाले सहसा परत येत नाहीत. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे बिलं नव्हतीच.

मग टिप्पण्या, मेल आणि अर्धवट नोंदण्या एका तक्त्यात उतरवायच्या आणि एकच तक्रार किती जणांनी केली हे मोजायचं. तेच उत्पादन पुन्हा मांडायचं तर साधारण सहा महिने जाऊ द्यावे लागतात, आणि तेही त्यात ठळक बदल झालेला असेल तरच. बाणेरच्या मंडळींच्या तक्त्यात सगळ्यात वर हाताने लिहिलेली बिलं आहेत. त्याखाली बर्लिनहून आलेली विनंती की जर्मन बिलांत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, तेवढं बघा.